प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ होतोय? त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाका

वायफाय प्रिंटरची ही तक्रार बहुतेक घरांत एकाच चालीवर ऐकू येते. आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस मुलाच्या प्रोजेक्टची पानं किंवा सातबाऱ्याचा उतारा छापायला घ्यावा, तर लॅपटॉप म्हणतो ‘ऑफलाइन’. प्रिंटर समोर चालू आहे, वायफायचा दिवा स्थिर आहे, टाकीत शाई आहे. घरातलं कुणीतरी प्रिंटर बंद-चालू करतं, कुणीतरी राउटर बंद-चालू करतं, आणि शेवटी प्रिंटर लॅपटॉपमधून काढून नव्याने जोडला जातो. पानं निघतात. पुढच्या वेळी लाईट गेली की ये रे माझ्या मागल्या.

नव्याने जोडल्यावर प्रिंटर चालतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, बिघडला होता. ड्रायव्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत बसलेला असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रोग हाच आहे का, ते आधी तपासा

पहिली तपासणी फुकट आहे: त्याच वायफायवरच्या फोनवरून एक पान छापून बघा. फोन प्रत्येक वेळी नेटवर्कवर हाक मारून प्रिंटर शोधतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी त्याचं अडत नाही. लॅपटॉपने मात्र जोडणीच्या दिवशी मिळालेला पत्ता लिहून ठेवलेला असू शकतो. फोनवरून छापाई होते आणि लॅपटॉपवरून होत नाही, असं दिसलं तर पत्त्यावरच संशय धरा.

दुसरी तपासणी म्हणजे प्रिंटरकडून नेटवर्कच्या माहितीचा कागद छापून घेणं. स्क्रीन असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये हा पर्याय असतो. बिनस्क्रीनच्या टँक प्रिंटरवर बहुधा इंग्रजी ‘आय’ अक्षराचं किंवा कागदाच्या चित्राचं एक बटण असतं, ते दाबायचं. या कागदावर बरंच काही छापून येतं, पण आपल्याला हव्यात दोनच ओळी: आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस. आयपी ॲड्रेस म्हणजे आजचा पत्ता. मॅक ॲड्रेस म्हणजे कारखान्यातच दिलेली बारा अक्षरांची खूण. तिच्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं येतात आणि प्रिंटर कुठेही नेला तरी ती बदलत नाही. हा कागद फेकू नका, पुढे दोनदा लागणार आहे.

आता लॅपटॉपकडे कोणता पत्ता आहे ते बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, मग आपला प्रिंटर निवडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘पोर्ट्स’, म्हणजे लॅपटॉप पानं कोणत्या वाटेने पाठवतो त्याची यादी. ज्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे तीच ओळ वापरात असते. कागदावर १९२.१६८.१.११ आणि इथे १९२.१६८.१.७ असेल, तर चोर सापडला. तिथे ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल तर त्याची भानगड वेगळी आहे, ती पुढे येते.

पिंग करून, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून तिथून उत्तर येतं का ते बघणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजवर पिंगची शेवटची ओळ वाचून निर्णय घेऊ नका. पत्त्यावर कुणीच नसेल तर कधी कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ अशी ओळ येते आणि तिच्या शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ लिहिलेलं असतं. नीट बघितलं तर त्या ओळीतला पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा असतो, म्हणजे तो स्वतःच स्वतःला कळवतोय की समोर कुणी सापडलं नाही. तरीही खालच्या हिशेबात ‘झीरो पर्सेंट लॉस’ येतं आणि माणूस समजतो की प्रिंटर बोलतोय. याच्या उलटही होतं. उत्तर खरोखर येतं, पण ते प्रिंटरच्या जुन्या पत्त्यावर जाऊन बसलेल्या टीव्हीचं किंवा फोनचं असतं. पिंगनंतर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘एआरपी -ए’ चालवलं की त्या पत्त्यासमोरचा मॅक ॲड्रेस दिसतो. तो कागदावरच्या मॅकशी जुळला तरच ते उत्तर प्रिंटरचं.

कागदावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आला असेल तर इथेच थांबा. राउटरकडून काहीच मिळालं नाही म्हणून प्रिंटरने स्वतःच घेतलेला तो तात्पुरता पत्ता आहे. वायफायचा पासवर्ड बदललाय का, प्रिंटर राउटरपासून फार लांब आहे का, हे आधी बघा.

पत्ता बदलतो तरी का

घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम राउटर करतो, आणि ज्या पद्धतीने करतो तिला डीएचसीपी म्हणतात. तिचे आज वापरात असलेले मूळ नियम १९९७ सालचे. पत्ता मिळतो तो मुदतीवर. ही मुदत राउटरगणिक वेगळी असते, कुठे दोन तास, कुठे चोवीस. अर्धी मुदत सरली की उपकरण ती वाढवून मागतं आणि राउटर सहसा हो म्हणतो. म्हणून कायम चालू असलेल्या वस्तूचा पत्ता महिनोन्महिने तोच राहतो.

प्रिंटर मात्र घरातली बहुतेक वेळ बंद असणारी वस्तू. काम झालं की आई भिंतीवरचं बटण बंद करते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. मुदत संपते, पत्ता मोकळा होतो, रविवारी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाच्या तरी फोनला तो जातो. सोमवारी प्रिंटर चालू केला की त्याला दुसरा पत्ता मिळतो.

दुसरं कारण लाईट. घरगुती राउटरांपैकी अनेक जण वाटपाची यादी फक्त चालू मेमरीत ठेवतात, वीज गेली की यादी पुसली जाते. लाईट परत आली की टीव्ही, कॅमेरा, फोन, प्रिंटर सगळे एकदम रांगेत येतात आणि राउटर पहिल्यापासून वाटप सुरू करतो. ‘मला माझा जुनाच पत्ता दे’ असं मागायची सोय नियमांत आहे आणि फोन-लॅपटॉप ती वापरतात. पण काही प्रिंटरांना बंद होऊन चालू झाल्यावर आधीचं काहीच आठवत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला तर हे दुसरं कारण जातं, पहिलं तसंच राहतं.

बांधायचं कुठे?

दोन जागा आहेत. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो’च्या ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडून पत्ता हाताने भरणं ही एक. राउटरला ‘या मॅकचं उपकरण आलं की त्याला हाच पत्ता द्यायचा’ असं सांगून ठेवणं ही दुसरी. माझं मत स्पष्ट आहे: राउटरमध्ये बांधा, आणि प्रिंटर ‘ऑटो’वरच राहू द्या.

प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरला की राउटरला त्याची खबरच नसते. राउटर ज्या आकड्यांमधून वाटप करतो त्यातलाच एखादा तुम्ही भरला असेल, तर एखाद्या दिवशी राउटर तोच आकडा दुसऱ्या कुणाला तरी देऊन मोकळा होतो. एका पत्त्यावर दोन उपकरणं आली की छापाई कधी होते, कधी होत नाही, कधी अर्ध्या पानावर थांबते. हा दोष शोधणं मूळ दोषापेक्षा जड.

याहून मोठी पंचाईत इंटरनेट कंपनी बदलल्यावर होते. भाड्याने राहणाऱ्यांकडे हे वरचेवर घडतं. एका कंपनीचा राउटर १९२.१६८.१ची मालिका वापरतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९ची, टीपी-लिंकचे बरेच राउटर १९२.१६८.०ची. प्रिंटरमध्ये जुन्या मालिकेतला पत्ता हाताने भरलेला असेल, तर नव्या राउटरचं नाव-पासवर्ड तेच ठेवूनही तो कुणाशीच बोलू शकत नाही. वायफायचा दिवा लागलेला, आणि प्रिंटर मात्र बहिरा. मग नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करण्यावाचून इलाज नाही, आणि बिनस्क्रीनच्या प्रिंटरवर ते कोणती दोन बटणं किती सेकंद दाबून होतं ते शोधत बसावं लागतं. ‘ऑटो’वर असलेला प्रिंटर नव्या राउटरकडून निमूट नवा पत्ता घेतो, आणि आपल्याला फक्त नोंद नव्याने करावी लागते.

राउटरमधली नोंद

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. ‘डिफॉल्ट गेटवे’ समोरचा पत्ता म्हणजे राउटर. तो ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिनचं पान येतं. पासवर्ड बहुधा राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, ॲडमिनचा.

आत गेल्यावर लॅन किंवा डीएचसीपी नावाचा भाग शोधा. आपल्याला हवी ती सोय तिथे वेगवेगळ्या नावांनी असते: ॲड्रेस रिझर्व्हेशन, डीएचसीपी रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज, आयपी-मॅक बाइंडिंग. नाव काहीही असो, दोनच रकाने भरायचे असतात, मॅक आणि आयपी. काही राउटरांत जोडलेल्या उपकरणांची यादीच समोर येते आणि प्रिंटरवर टिचकी मारली की मॅक आपोआप भरला जातो. यादीतली नावं मात्र गूढ असतात, त्यामुळे कागदावरच्या मॅकशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. बी आणि ८, डी आणि ० यांत छापील कागदावर हमखास गफलत होते. शिवाय मॅकमध्ये ओ हे अक्षर नसतंच, तसं दिसलं तर ते शून्य समजा.

केबलचीही सोय असलेल्या प्रिंटरच्या कागदावर दोन मॅक दिसतील, एक केबलचा आणि एक वायफायचा. वायफायने जोडला असेल तर वायफायचाच घ्या. ‘वायफाय डायरेक्ट’ नावाचा तिसराही दिसू शकतो, तो इथे कामाचा नाही. आणि घरात वायफाय एक्स्टेंडर असेल तर आणखी एक खोच आहे: काही एक्स्टेंडर आपल्यामागच्या उपकरणांना राउटरकडे नेताना मॅक बदलून नेतात. राउटरच्या यादीतला प्रिंटरचा मॅक कागदावरच्याशी जुळत नसेल, तर राउटरला जो दिसतोय तोच नोंदवा.

आकडा कोणता द्यायचा? प्रिंटर आत्ता ज्या पत्त्यावर आहे आणि लॅपटॉपशी बोलतोय, तोच बांधला तर लॅपटॉपला हात लावायला नको. पण बिघाड झाल्यावरच आपण इथवर आलो असू, तर लक्षात राहणारा एखादा घ्या, समजा १९२.१६८.१.२००. बहुतेक राउटर वाटपाच्या मर्यादेतलाच आकडा मागतात, काही बाहेरचा मागतात. चुकीचा दिला तर सेव्ह करताना लाल अक्षरात सांगतात.

सेव्ह केलं, तरी प्रिंटर अजून जुन्याच पत्त्यावर असतो, कारण त्याची मुदत संपलेली नाही. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. काही राउटर स्वतः रीस्टार्ट झाल्याशिवाय नवी नोंद मानत नाहीत. मग नेटवर्कचा कागद पुन्हा छापा. त्यावर २०० दिसलं की अर्धं काम झालं.

काही इंटरनेट कंपन्या ॲडमिनचं पान ग्राहकाला उघडूच देत नाहीत, किंवा उघडलं तरी ही सोय लपवलेली असते. तिथे नाइलाजाने प्रिंटरमध्येच पत्ता भरावा लागतो. निदान तो वाटपाच्या मर्यादेबाहेरचा घ्या: राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर २०० पुढचा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस या दोन्हींत राउटरचा पत्ता. गेटवे रिकामा ठेवला तर घरातली छापाई चालेल, पण प्रिंटरला बाहेरचं इंटरनेट मिळणार नाही, आणि कंपनीच्या ॲपमधून घराबाहेरून छापायची सवय असलेल्यांना ते चार दिवसांनी कळेल.

उरलेलं अर्धं काम लॅपटॉपवर

इथेच बहुतेक जण थांबतात आणि मग म्हणतात, ‘पत्ता बांधला तरी फरक पडला नाही.’ प्रिंटरचा पत्ता पक्का झाला, पण लॅपटॉपला तो कुणी सांगितलाच नाही. त्याच्या वहीत अजून ७च आहे.

पुन्हा ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’वर या. ‘ॲड पोर्ट’, त्यात ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग ‘न्यू पोर्ट’. पत्त्याच्या रकान्यात नवा पत्ता टाका, पोर्टचं नाव आपोआप भरलं जातं. विंडोजने उपकरण ओळखलं नाही तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ राहू द्या. ड्रायव्हर तोच राहतो, प्रिंटर काढून पुन्हा जोडायची गरज नसते. काही स्वस्त इंकजेट मात्र ९१०० क्रमांकाच्या या थेट पोर्टवरून छापाई घेतच नाहीत. तसं झालं तर कंपनीचं इन्स्टॉलर पुन्हा चालवून त्यात पत्ता हाताने द्या.

आता डब्ल्यूएसडी. विंडोज स्वतःहून प्रिंटर जोडतं तेव्हा अनेकदा याच जातीचं पोर्ट बनवतं. त्यात पत्ता लिहून ठेवलेला नसतो, प्रिंटर नेटवर्कवर शोधला जातो. ऐकायला उत्तम, पण प्रिंटर झोपेतून उठायला उशीर लावतो किंवा राउटर ती हाक नीट पुढे पोचवत नाही, आणि लॅपटॉप ‘ऑफलाइन’ जाहीर करून टाकतो. पत्ता एकदा बांधला की या शोधाशोधीची गरजच उरत नाही. वर सांगितलेलं टीसीपी/आयपी पोर्ट बनवून त्यावर खूण करा आणि डब्ल्यूएसडीला रामराम ठोका.

त्याच खिडकीत ‘कॉन्फिगर पोर्ट’ नावाचं बटण आहे. आत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ समोर खूण असेल तर काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारतं. त्या प्रश्नाला उत्तर न देणारा प्रिंटर छापायला तयार असला तरी ‘ऑफलाइन’ ठरवला जातो. पत्ता बरोबर, ब्राउझरमध्ये तो टाकल्यावर प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतंय, आणि तरी लॅपटॉप अडून बसलाय, असं असेल तर दोष बहुधा इथेच सापडतो.

प्रिंटरांच्या यादीत एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं दिसतील, शेवटी ‘कॉपी १’ वगैरे. ही मागच्या प्रत्येक ‘काढा आणि जोडा’ची पिल्लं. चालतो तो ठेवा, बाकीचे काढा, राहिलेला डिफॉल्ट करा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर एकदा पीडीएफ बनवली की विंडोज पीडीएफलाच डिफॉल्ट करून ठेवतं. रांगेत अडकलेली जुनी कामंही आधी पुसा. ऑफलाइन असताना चिडून दहा वेळा प्रिंट दाबलेलं असतं, आणि पत्ता जुळताच दहाच्या दहा प्रती बाहेर येतात.

मॅकबुकवर हा त्रास कमी, कारण ते फोनसारखंच दरवेळी शोधतं. स्कॅनिंगचं विसरू नका मात्र. स्कॅनचं सॉफ्टवेअर अनेकदा पत्ता वेगळा लिहून ठेवतं, त्यामुळे छापाई सुरू आणि स्कॅन बंद अशी अवस्था होते. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच पत्ता द्या.

एवढं करूनही अडलं तर

घरात राउटर किती आहेत ते मोजा. इंटरनेट कंपनीचा डबा एक आणि वायफाय लांब पोचावं म्हणून घेतलेला आपला दुसरा, हे आता सर्रास आहे. दोघेही पत्ते वाटत असतील आणि एकाच जाळ्यात असतील, तर प्रिंटरला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो. नोंद एका राउटरमध्ये आणि पत्ता मिळाला दुसऱ्याकडून, म्हणजे बांधलेलं असूनही पत्ता पुन्हा फिरतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे वाटपाचं काम एकाकडेच राहील. दोघांची जाळी वेगळी असतील (प्रिंटर १९२.१६८.१मध्ये, लॅपटॉप १९२.१६८.०मध्ये), तरीही उपाय तोच.

लॅपटॉप चुकून पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्टवरून घरातली उपकरणं दिसू नयेत अशीच ती योजना असते. तसंच ‘डायरेक्ट’ने सुरू होणाऱ्या नावाचं वायफाय प्रिंटर स्वतः सोडतो. लॅपटॉप त्यावर गेला तर प्रिंटरचा पत्ताही वेगळा, आणि इंटरनेटही गुल. प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप ५वर आहे म्हणून छापाई होत नाही, हा मात्र निव्वळ गैरसमज. एकाच राउटरच्या एकाच जाळ्यात दोन्ही असतील तर ते एकमेकांशी बोलतात.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) चालू असताना प्रिंटर गायब होत असेल आणि बंद केल्यावर परत येत असेल, तर तुमच्या राउटरमध्ये शोधून काही मिळणार नाही. अनेक कंपन्या व्हीपीएन चालू असताना घरच्या जाळ्याकडे जाणारी वाट मुद्दाम बंद ठेवतात. ती उघडायची की नाही हे त्यांच्या आयटीवाल्यांच्या हातात. तोवर फाइल सेव्ह करा, व्हीपीएन तोडा, छापा, पुन्हा जोडा.

आणि राउटर बदलला किंवा दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागचं बारीक बटण दाबून रिसेट केला, तर नोंद पुसली जाते. प्रिंटरच्या मागे कागदी टेपवर मॅक आणि बांधलेला पत्ता लिहून चिकटवा. नव्या राउटरची मालिका वेगळी निघाली तर शेवटचा आकडा तोच ठेवा, १९२.१६८.१.२००चं १९२.१६८.२९.२००, आणि लॅपटॉपच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन तेवढाच बदल करा.